महाचक्र
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळातील काल्पनिक विश्वरचना. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा अमेरिकन खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फासे, नियमपुस्तके व सूत्रधाराचे कथन यांवर तो चालतो. मध्ये मर्त्यांचे जग, त्याभोवती मूलतत्त्वांचे अंतर्लोक आणि त्यांपलीकडे सत्-असत् व सुव्यवस्था-अराजक या प्रवृत्तींनुसार वर्तुळात मांडलेले देवदानवांचे बाह्यलोक, अशी ही रचना होय. जेफ ग्रब यांनी १९८७ मध्ये तिचा ग्रंथरूपाने विस्तार केला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हे चक्र मोडले. अनेक जुन्या खेळाडूंना ते रुचले नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते पुन्हा आले. २०२१ मध्ये प्रकाशनसंस्थेने केवळ पाचव्या आवृत्तीची खेळपुस्तके प्रमाण मानली. पूर्वीच्या कादंबऱ्याही त्यामुळे प्रमाणबाह्य ठरल्या. प्रत्यक्ष बैठकीत मात्र सूत्रधाराचाच शब्द अखेरचा असतो. मोडलेले चक्र चालविण्यास त्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही.