आठ फुटांचं पाणी

पुण्याजवळच्या खडकवासला तलावाच्या काठचा रस्ता रविवारी संध्याकाळी चालावा तर भाजलेल्या कणसांचा धूर, कांदाभजी आणि गाड्यांच्या रांगा यांतूनच. आडवारी सकाळी मात्र तलाव पुरता दिसतो. पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या टेकड्या, दक्षिणेला सिंहगड आणि पूर्वेला धरणाची दगडी भिंत.

फाईफ नावाच्या लष्करी अभियंत्याने 1870च्या दशकात मुठा नदीवर हे धरण उभं केलं. इंग्रजांच्या कागदांत हा ‘लेक फाईफ’. मला ओढ होती ती 1903च्या दरवाज्यांची.

त्यांच्याआधी पावसाळ्यात तलाव भरला की वरचं पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यात शेतं व छावणी तहानलेली राहत. अभियंते विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते, अभियांत्रिकी शिकलेही पुण्यातच. भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडून राही. त्यावर चढलं की पाण्याच्याच जोराने दरवाज्यांना तोलून धरणाऱ्या प्रतिभाराचा तोल बदलून दरवाजे उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. मध्यरात्री, धो धो पावसात, चाक फिरवायला माणूस लागत नसे. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ती गेली. नदीच्याच जोराने नदीला आवरणाऱ्या या बुद्धीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

12 जुलै 1961ला वरच्या अंगाचं पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे दरवाजेच काय, भिंतही टिकली नाही. पुण्याच्या पेठा बुडाल्या, आणि पूर ओसरल्यावर त्याच शहराला पाण्यासाठी जुन्या विहिरी शोधाव्या लागल्या. भिंत पुन्हा बांधली गेली. आताचे दरवाजे यंत्राने उचलतात. विसर्गाचे क्युसेक जाहीर झाले की नदीपात्रातल्या भिडे पुलाचं काय होणार, हे पुणेकर लगेच ताडतो.

चार धरणांच्या साखळीत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. पण पानशेत, वरसगाव, टेमघर या तिन्हींचं पाणी शहराला आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याला मिळतं ते याच तलावातून. म्हणून त्याच्या तळाची काळजी वाटते. विश्वेश्वरय्यांनी वरून मिळवलेली जागा गाळ खालून परत घेतो आहे. तलाव रिकामा करून उपसावा, तर शहर पिणार काय? उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठाचा गाळ तेवढा काढता येतो. तोही शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेला तरच हलतो. नाहीतर पहिल्या जोरदार पावसात ढीग पुन्हा पाण्यात. वरच्या अंगाला टेकड्या फोडून बंगले, हॉटेलं उठताहेत. उघडी पडलेली माती ओढ्यांतून तलावात येते आणि सांडपाणीही तीच वाट धरतं. तळ उपसण्याआधी हे ओढे आवरायला हवेत, आणि ते काम भिंतीवरच्या कुठल्याही दरवाज्याचं नाही.