हे ‘तत्रैव’ कुणाचं?

सकाळी ८:४०. कोल्हापूर, राजारामपुरी. ताई शटर वर ढकलतात, उंबऱ्यावर पाणी मारतात. दुकान दहा बाय बाराचं. दोन संगणक, एक झेरॉक्स, कोपऱ्यात बाइंडिंगचा शिकंजा. भिंतीवर दर लावलेत. मराठी टायपिंग पानाला ३० रुपये, प्रिंट २ रुपये. खाली पेननं एक ओळ : ‘प्रबंधाचे संदर्भ लावून मिळतील’. तिच्यापुढे आकडा नाही. तो काम बघून ठरतो.

९:२५. पहिलं गिऱ्हाईक सर. इतिहास शिकवतात, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. दहा वाजता तास आहे, म्हणून उभ्या उभ्याच पेनड्राइव्ह देतात. ३४० पानं, ६१२ तळटीपा, सगळ्या हातानं टाइप केलेल्या. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढवायला सांगितले होते. सरांनी ते वाढवले, त्यांच्या तळटीपाही घातल्या.

ताई दुसरं प्रकरण उघडतात. तळटीप ४८. ‘तत्रैव, पृ. ६२.’ म्हणजे वरच्या तळटीपेतलंच पुस्तक, पान ६२.

“सर, हे तत्रैव कुणाचं?”

सर वाकून बघतात. वरची ४७ नवीन आहे. ती मध्ये शिरली आणि तत्रैवचा धनी बदलला. संगणकानं आकडे बिनचूक पुढे सरकवले, शब्द मात्र जिथल्या तिथे राहिला. आता पान ६२ एका छोट्या पुस्तिकेच्या नावावर पडलंय, आणि त्या पुस्तिकेला पानंच ५६. सर खुर्ची ओढून बसतात. या एका प्रकरणात ‘तत्रैव’ ३८ वेळा आलंय.

९:४०. संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? मार्गदर्शक एंडनोट म्हणतात, मित्र मेंडली म्हणतो, कार्यशाळेत झोटेरो दाखवलं होतं. एंडनोटला पैसे मोजावे लागतात, तो विषय तिथेच संपतो. मेंडली फुकट आहे, फाइली ठेवायला २ जीबी देतं. झोटेरोही फुकट, पण जागा ३०० एमबीच. जागेच्या हिशेबात मेंडली सरळ पुढे. ताई जागेचं विचारतच नाहीत. “घरी लिहिता कशात?” सर लिब्रेऑफिसमध्ये लिहितात. मेंडलीची आत्ताची जोडणी वर्डसाठी आहे, लिब्रेऑफिसमध्ये ती चालत नाही. झोटेरो दोन्हींत चालतं. “मग झोटेरो. रात्री घरी, सकाळी माझ्याकडे, असं करायचंय तुम्हाला.”

जागेचंही अडत नाही. ३०० एमबी भरतात त्या जोडलेल्या फाइलींनी, नोंदी कितीही करा. पुराभिलेखागारात मोबाइलवर काढलेले कागदांचे फोटो सरांकडे ११ जीबी आहेत. ते हार्ड डिस्कवरच राहतील.

दर ठरतो. नोंदीला ८ रुपये, तळटीप जोडायला ३. सर मनात गुणाकार करतात. “नोंदी मी करतो. तुम्ही जोडा.” ताईंना त्यात वाईट वाटत नाही, त्यांना तेच बरं वाटतं. नोंद ज्यानं वाचलंय त्यानंच करावी.

११:१५. तास संपवून सर परत येतात, दुसऱ्या संगणकावर बसतात. ताई पहिली नोंद करून दाखवतात, तिचे पैसे नाहीत. जादूच्या कांडीचं चित्र दाबायचं, आयएसबीएनचे तेरा आकडे टाकायचे. पुस्तक येतं, पण लेखकाचं नाव रोमन अक्षरांत, डोक्यावर आडव्या रेघा, पायाशी ठिपके. परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतलं ते रूप. तसंच ठेवलं तर मराठी लेखक यादीत इंग्रजी लेखकांत जाऊन बसतो. ताई नाव खोडतात. आडनाव एका चौकटीत, नाव दुसऱ्या चौकटीत, दोन्ही देवनागरी, युनिकोडमध्ये. आयएसबीएन १९७० नंतरचा. सरांची निम्म्याहून जास्त पुस्तकं त्याआधीची आहेत, ती अक्षर-अक्षर हातानंच करायची. एकेका नोंदीला दोन-तीन मिनिटं जातात.

पुराभिलेखागारातल्या, रुमालात बांधलेल्या कागदांसाठीही जागा आहे. दफ्तराचं नाव एका चौकटीत, रुमाल क्रमांक दुसऱ्या चौकटीत. झोटेरो २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात तयार झालं. या दोन चौकटी बघताना ते जाणवतं.

१:३०. डबा. भाकरी, वांगं, ठेचा. मधेच एक मुलगी आधारची झेरॉक्स मागते. ताई डाव्या हातानं काढून देतात. पाच रुपये.

२:१०. जोडणी सुरू. तळटीप ४८ मधलं ‘तत्रैव’ खोडलं. कर्सर तिथेच. झोटेरोची पट्टी उघडते, आडनावाची दोन अक्षरं, पुस्तक निवडायचं, पान ६२, एंटर. मग ४९. सर शेजारी जुनी दोनशेपानी वही घेऊन बसलेत. ताई आकडा म्हणतात, सर पुस्तक सांगतात. तासाभरात दोघांचा ठेका जमतो. पंखा आहे, तरी ताईंची मान आखडते. त्या उठतात, दारापर्यंत जाऊन येतात.

५:५०. ९६ तळटीपा झाल्या. ताई मुद्दाम एक नवी तळटीप मध्ये घालतात आणि नोंदी ताज्या करतात. खालचं ‘इबिड’, म्हणजे झोटेरोचं तत्रैव, गळून पडतं, त्या जागी पुस्तकाचं नाव येतं. सर दोनदा करून बघतात.

“पण इबिड इंग्रजीत येतंय, ताई.”

“शेवटी बघू. आधी मूळ फाइलची प्रत काढायची. प्रतीतले दुवे तोडायचे, मग इबिडच्या जागी तत्रैव घालायचं. आधी तोडलं तर परत आज सकाळसारखंच.”

७:०५. ९६ गुणिले ३, २८८ रुपये. सर तीनशे देतात. ताई दहाची नोट आणि दोनचं नाणं परत करतात. उरलेली प्रकरणं रविवारनंतर.

पडद्यावर तीन तळटीपा पिवळ्या आहेत. तीन ‘तत्रैव’ वहीतही सापडले नाहीत. सर मोबाइलनं त्यांचा फोटो काढतात.

“यांचं काय करायचं?”

“ते तुम्हालाच शोधायला लागणार, सर. सोमवारी पुराभिलेखागार उघडलं की जाऊन या.”

सर पेनड्राइव्ह खिशात घालतात आणि खिसा वरून चाचपतात. ताई शिकंज्याला लावलेल्या दोन प्रती काढतात, कडेचा सुकलेला डिंक नखानं खरवडतात.