शंका घ्यायला शिकवणारे फासे

फासे म्हटले की आपल्याकडे घरच्या बाईच्या काळजात धस्स होते. पगाराच्या दिवशी अड्ड्यावर रिकामे झालेले खिसे तिने पाहिलेले असतात. परंतु आज आम्ही ज्या खेळाविषयी लिहीत आहोत, त्यात पैशाला जागा नाही. जागा आहे ती हिशेबाला आणि धिटाईला.

दक्षिण अमेरिकेतील पेरू, चिली या देशांत हा खेळ लोकप्रिय आहे. तेथे त्याला 'दूदो' म्हणतात. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'मला शंका आहे'. शंका हेच खेळाचे नाव!

रीत सोपी आहे. प्रत्येकाजवळ पाच फासे आणि एक स्टीलचा पेला. फासे पेल्यात खुळखुळवून पालथे घालायचे आणि आपले आपणच पाहायचे. मग पहिल्याने सर्वांचे फासे मिळून बोली लावायची, "चार पंजे आहेत." पंजा म्हणजे पाच ठिपके. पुढच्याने बोली वाढवायची, नाहीतर "शंका!" म्हणायचे. शंका घेतली की सगळे पेले उचलून मोजायचे. एक्का कोणत्याही आकड्यात धरतात, म्हणून आम्ही एक्क्यांची बोली लावत नाही. बोलीइतके पंजे भरले तर शंका घेणाऱ्याचा एक फासा जातो, कमी पडले तर बोली लावणाऱ्याचा. ज्याचे फासे संपले तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला.

आता हिशेब पाहा. चौघांचे फासे वीस. सहा बाजूंपैकी पंजा आणि एक्का या दोन चालतात, म्हणजे तिसरा हिस्सा. सरासरी सहा-सात पंजे निघावेत. सहाची बोली पटण्यासारखी, दहाची संशयाची. मात्र आपल्याच पेल्यात तीन पंजे असतील, तर उरलेल्या पंधरांत पाच धरून आठपर्यंत जाता येते. शाळेतला अपूर्णांक येथे कामाला येतो.

आमच्या घरी शेजारीपाजारीही खेळायला बसतात. एरवी वडीलधाऱ्यांपुढे न बोलणारी पुतणी एकदा आपल्या मामांना "शंका!" म्हणाली. मामांची बोली आठांची, आवाजही मोठा. पेले उचलले तर सहाच भरले! मामांनी हसत एक फासा बाजूला ठेवला. बोली आवाजाने खरी ठरत नाही, मोजून ठरते, हे साऱ्या पोरांनी पाहिले. उद्या सहा महिन्यांत पैसे दुप्पट करून देणारा दारात आला, तर हीच मुले त्याला हिशेब विचारतील.

एका ताईंनी आम्हाला विचारले, "मुलांना खोटे बोलायला शिकवता का? चौथ्या शीलाचे काय?" प्रश्न रास्त आहे. येथे बोली फसवी असू शकते हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते, कोणाचे काही जात नाही आणि पेला उचलला की सत्य नाकारता येत नाही. पैसा आला की मात्र हाच खेळ जुगार होतो. म्हणून चार आण्यांचीही पैज नको.

फासे कमी असतील तर प्रत्येकी तीन घ्या. घरातील मायमाऊलीला चुलीजवळून उठवून खेळात बसवा. आणि पहिली बोली सर्वांत लहानाला लावू द्या.