काटकसर कोठे केली आहे

जे यंत्र खांद्यावरच्या पिशवीत सहज मावते, दिवसभर बरोबर वागवले तरी ज्याचा जाच होत नाही आणि ज्याची किंमत सामान्य पगारदाराला किंवा महाविद्यालयीन मुलाच्या पालकाला कर्ज न काढता देता येते, असे यंत्र घडवणाऱ्याला कोठे ना कोठे हात आखडता घ्यावाच लागतो. म्हणून असा लॅपटॉप नवा कोरा हाती आला असता त्याच्या खोक्यावर छापलेले ठळक आकडे वाचण्यापूर्वी ही काटकसर त्याच्या नेमक्या कोणत्या अवयवांत झाली आहे, याचा तपास करणे श्रेयस्कर ठरते. कारण काटकसरीचेही दोन प्रकार आहेत. साठवणुकीची जागा कमी असेल तर मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह जोडून ती उणीव पुढे भरून काढता येते. परंतु पडदा अंधुक असेल, कळा अरुंद असतील, तर त्या यंत्राच्या अखेरपर्यंत तशाच राहावयाच्या असतात, आणि डोळे व बोटे यांना त्यांचा परिणाम रोजच्या रोज सोसावा लागतो.

मी अलीकडे घेतलेला लॅपटॉप 11.6 इंच पडद्याचा, सव्वा किलोच्या आसपास वजनाचा आणि पंचवीस हजार रुपयांच्या आतला आहे. निर्मात्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रांची प्रकृती एकसारखीच असते. 2023 साली रिलायन्सने 16,499 रुपयांना बाजारात आणलेला जिओबुकही याच पंक्तीतला: 11.6 इंच पडदा, 990 ग्रॅम वजन, 4 जीबी मेमरी आणि 64 जीबी साठवण. नेहमीचा 15.6 इंची लॅपटॉप चार्जरसह पिशवीत घातला की दोन किलोंच्या जवळपास किंवा त्यावर भरतो. ग्रंथालयात बसून जुन्या नियतकालिकांतून टिपणे काढणाऱ्या अभ्यासकाला, तालुक्याच्या गावी एस.टी.ने जाऊन तेथूनच मजकूर धाडणाऱ्या वार्ताहराला, किंवा वसतिगृहाच्या दाटीत एका पलंगावर संसार मांडणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक किती मोलाचा आहे, हे ज्याने असा भार वाहिला आहे त्याला निराळे सांगावयास नको. हलकेपणा हा या यंत्राचा पहिला आणि निःसंशय गुण आहे, आणि मला तो मनापासून आवडला.

वाहून नेता येणाऱ्या संगणकाचा इतिहास पाहिला, तर तो बव्हंशी काटकसरीच्या निवडीचाच इतिहास आहे असे दिसते. या जातीच्या ज्या यंत्राला व्यापारी यश प्रथम लाभले, ते 1981 सालचे ‘ऑस्बर्न 1’. त्याचे निर्माते ॲडम ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवन्नामलै येथे गेले होते, आणि 2003 साली त्यांचा अंत झाला तोही कोडाइकनालला. त्यांच्या यंत्राची किंमत 1,795 डॉलर, वजन सुमारे 11 किलो. लेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्या किमतीतच मिळत असे, ही त्या काळी मोठीच सवलत होती. पण पडदा अवघा 5 इंचांचा, आणि त्यावर एका ओळीत 52 अक्षरे मावत, त्यामुळे पूर्ण ओळ वाचण्यासाठी मजकूर आडवा सरकवावा लागे. म्हणजे काटकसर झाली ती डोळ्यांच्या वाट्याची.

पुढे 2007 साली तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी 701’ काढला आणि स्वस्त, चिमुकल्या लॅपटॉपांची एक लाटच उसळली. एक किलोहूनही कमी वजन, 4 जीबी साठवण, लिनक्सवर चालणारी व्यवस्था, आणि पडदा 7 इंचांचा, आडवे 800 व उभे 480 ठिपके दाखवणारा. लोकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. मात्र त्याच कंपनीला पुढील वर्षभरातच आधी 9 इंचांजवळचा आणि मग 10 इंची पडदा असलेली भावंडे बाजारात आणावी लागली. साठवण अपुरी पडली तेव्हा ग्राहकांनी कार्डे घातली, मेमरी बदलली. पडदा आणि कळा मात्र कोणाला ताणून मोठ्या करता आल्या नाहीत.

त्याच सुमारास अमेरिकेत निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या पुढाकाराने मुलांसाठी शंभर डॉलरांच्या लॅपटॉपाची योजना सिद्ध झाली होती. प्रत्यक्षात ‘एक्सओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या यंत्राची किंमत शंभराऐवजी दोनशे डॉलरांच्या जवळ गेली, आणि योजनेचे मोठे मनसुबे सर्वत्र तडीस गेले नाहीत, हे खरे. तथापि त्या यंत्राच्या रचनाकारांनी काटकसरीची जी जागा निवडली तिचे मला आजही कौतुक वाटते. प्रोसेसर अवघा 433 मेगाहर्ट्झचा, मेमरी 256 एमबी, साठवण 1 जीबी, म्हणजे पोटातले सगळे बेताचेच. परंतु मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला साडेसात इंची पडदा असा की भर उन्हात, अंगणात बसूनही त्यावरची अक्षरे कागदावरच्या छापील अक्षरांइतकी रेखीव वाचता यावीत. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावच्या लहानशा शाळेत 2007 साली या यंत्रांचा प्रयोग सुरू झाला होता. वर्गापेक्षा ओसरीवर आणि झाडाखाली अधिक वावरणाऱ्या मुलांसाठी उन्हात वाचता येणारा पडदा ही चैनीची बाब नव्हती.

आता माझ्या यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहू. तेथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. प्रोसेसर इंटेलचा एन100, चार गाभ्यांचा आणि सुमारे 6 वॉट विजेवर चालण्यासाठी आखलेला. इतक्या थोड्या विजेमुळे उष्णताही थोडीच निर्माण होते, पंख्याची गरज राहत नाही, आणि यंत्र संपूर्ण निःशब्द चालते. रात्री घरातील मंडळी निजली असता लिहिणाऱ्याला ही शांतता फार सुखावह वाटते. मात्र चैत्र-वैशाखात खोलीचेच तापमान चाळिशीकडे झुकले की हा प्रोसेसर आपली गती आपण होऊन कमी करतो, कारण उष्णता बाहेर टाकण्यास त्याच्यापाशी एका धातूच्या पत्र्यावाचून दुसरे साधन नाही. लेखन, वाचन, पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, दूरस्थ वर्ग एवढ्यासाठी हे बळ पुरेसे आहे; चित्रफितींचे संपादन करू इच्छिणाऱ्याने या वर्गाकडे वळू नये.

साठवणुकीबाबत थोडा खुलासा अवश्य आहे. स्वस्त यंत्रांत बहुधा ईएमएमसी नावाची साठवण मुख्य पाटीवरच डाखून टाकलेली असते. तिचा वेग उत्तम स्थितीत सेकंदाला सुमारे 300 एमबी, तर किंचित महाग यंत्रांतील एनव्हीएमई जातीच्या एसएसडीचा वेग 2,000 एमबी किंवा त्याहून अधिक. खोक्यावर 128 जीबी छापलेले असले तरी विंडोज ती 119 जीबी अशी दाखवते, कारण निर्माता हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1,024 च्या पटीत. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा वजा जाता उरलेली जागा लेखनासाठी विपुल, छायाचित्रांसाठी बेताची. विंडोज 11 ची किमान अटच 4 जीबी मेमरी आणि 64 जीबी साठवण अशी आहे, तेव्हा या दोन्ही आकड्यांच्या अगदी उंबरठ्यावर उभे असलेले विंडोजचे यंत्र शक्यतो टाळावे. मेमरीही बहुधा डाखलेलीच असल्याने ती 8 जीबी असणे चांगले.

बॅटरीचा हिशेब ग्राहकाला स्वतःच मांडता येतो. तिची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. माझ्या यंत्राची 38 वॉट-तास आहे. पडद्याचा उजेड मध्यम ठेवून नुसते लिहीत बसले तर यंत्र 6 वॉटच्या आसपास वीज घेते, म्हणजे सहा तासांची बेगमी होते. उजेड पूर्ण केला आणि इंटरनेट सतत चालू ठेवले की हाच काळ साडेचार तासांवर येतो. जाहिरातीतील तास बहुधा मंद उजेडात मोजलेले असतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे नंतर हळहळ वाटत नाही.

पडद्याकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. माझ्या यंत्रावर आडवे 1,366 आणि उभे 768 ठिपके आहेत, म्हणजे इंचाला सुमारे 135. रोमन लिपीला एवढी घनता पुरते. परंतु देवनागरीची गोष्ट वेगळी. आपले अक्षर शिरोरेषेच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे वाढते. ‘कर्मेंद्रिय’ या एका शब्दात रफार, मात्रा आणि अनुस्वार ही तिन्ही चिन्हे एकाच अक्षराच्या माथ्यावर दाटी करतात, तर ‘राष्ट्र’ लिहिताना तीन व्यंजने एकत्र गोवली जातात. अक्षरांचा आकार लहान ठेवला की ठिपके अपुरे पडून या चिन्हांची सरमिसळ होते आणि मुद्रितशोधन करणाऱ्याची नजर चुकते. शिवाय पडदा टीएन जातीचा असेल तर तो किंचित मागे कलवताच रंग फिके किंवा उलटे दिसू लागतात; आयपीएस जातीच्या पडद्यात हा दोष नसतो. माझ्या यंत्राचा पडदा आयपीएस आहे, उजेड फार नाही, पण खिडकीकडे पाठ न करता बसले तर अक्षरे स्वच्छ दिसतात. मराठी मजकूर मी एक आकार मोठा ठेवतो, आणि त्यामुळे एका दर्शनात चार ओळी कमी मावतात. एवढी किंमत देणे मला मान्य आहे.

परंतु ज्या बाबीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती आहे कळांची मांडणी. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली मान्य केलेली इन्स्क्रिप्ट ही मांडणी आज विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये विनामूल्य उपलब्ध आहे. तिची रचना मोठी शास्त्रशुद्ध आहे: बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे, आणि ‘क’ च्या कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘त’ च्या कळेवर ‘थ’, असे अल्पप्राण-महाप्राणांचे जोड. इंग्रजीपेक्षा आपल्या वर्णांची संख्या अधिक असल्यामुळे ही मांडणी उजव्या काठावरच्या कळाही वापरते. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकोनी कंस, अर्धविराम, तिरपी रेघ, बरोबरीचे चिन्ह या कळांची गरज क्वचितच भासते. आपल्या मांडणीत तेथे अनुक्रमे ‘ड’, ‘च’, ‘य’ आणि ‘ृ’ बसलेले आहेत, अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’ आहे, तर उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर ‘ॉ’.

आणि नेमक्या याच कळांवर लहान लॅपटॉपाच्या निर्मात्यांची कात्री चालते. पूर्ण आकाराच्या कळेला शेजारच्या मोकळ्या जागेसह सुमारे 19 मिलिमीटर लागतात. एका ओळीत अशा पंधरा कळांची जागा धरली की 285 मिलिमीटर होतात, आणि 11.6 इंची यंत्राची एकंदर रुंदीच तेवढी असते. दोन्ही बाजूंना काठ सोडावयाचा म्हणजे काही कळा दाबणे भाग पडते, आणि इंग्रजी अक्षरे पूर्ण रुंदीची ठेवून उजवीकडच्या चिन्हांचा बळी दिला जातो. माझ्या यंत्रावर ‘ड’ ची कळ शेजारच्या ‘ज’ च्या कळेहून बरीच अरुंद आहे, त्यामुळे प्रारंभी ‘ड’ च्या जागी ‘ज’ उमटत राहतो. ‘ट’ लिहू जाता करंगळी पलीकडच्या एंटरवर पडते आणि वाक्य मध्येच तुटून पुढच्या ओळीवर जाते.

उजव्या शिफ्टची कथा याहून गंभीर आहे. इन्स्क्रिप्टमध्ये मात्रेच्या कळेवर शिफ्ट दाबली की स्वतंत्र स्वर मिळतो, आणि स्वरांच्या कळा डाव्या हाताच्या असल्याने शिफ्ट दाबावयाची ती उजव्या हाताने. ‘आहे’, ‘आणि’, ‘असे’, ‘एक’, ‘आपण’, म्हणजे मराठी वाक्यात पावलोपावली येणारे शब्द, उजव्या शिफ्टवाचून सुरूच होत नाहीत. आणि वर जाणाऱ्या बाणाची कळ बसवण्यासाठी कित्येक लहान यंत्रांत हीच शिफ्ट अर्धी कापलेली असते. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्यांना हा जाच कमी होतो, हे मान्य. परंतु जे इन्स्क्रिप्ट शिकले आहेत, आणि शिक्षकांत व कचेऱ्यांत असे पुष्कळ आहेत, त्यांनी केवळ आपली लिपी वेगळी म्हणून अरुंद कळा का सोसाव्यात, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

तेव्हा दुकानात यंत्र पाहावयास जाल तेव्हा विक्रेत्याला त्यावर मराठी कीबोर्ड सुरू करून देण्याची विनंती करावी. एक-दोन मिनिटांचे काम आहे. मग ‘डॉक्टर’, ‘चटई’, ‘कृपया’, ‘आयुष्य’ एवढेच शब्द न पाहता लिहून पाहावेत. ‘डॉक्टर’ मध्ये ‘ड’, ‘ॉ’ आणि ‘ट’ अशा काठावरच्या तीन कळा येतात, ‘कृपया’ त बरोबरीची आणि तिरप्या रेघेची, ‘आयुष्य’ मध्ये उजवी शिफ्ट. बोटे तेथे बिनचूक पोहोचली तर यंत्र आपले आहे. न पोहोचली, तर 14 इंची यंत्र हाताळून पाहावे: त्याची रुंदी 320 मिलिमीटरच्या आसपास असल्याने कळांना पुरती जागा मिळते, आणि वजन मात्र दोन-तीनशे ग्रॅमनीच वाढते. ज्याचा प्रवास अधिक आणि लेखन बेताचे, त्याने लहानच घ्यावे आणि घरच्या मेजासाठी पूर्ण आकाराचा निराळा कीबोर्ड जोडावा. काही शेकड्यांत तो मिळतो, आणि मीही सध्या लांबलचक लेखनासाठी तीच तजवीज केली आहे. शाळांसाठी किंवा ग्रामपंचायतींसाठी असे लॅपटॉप घाऊक घेतले जातील, तेव्हा दरपत्रकातील मेमरी आणि साठवण यांच्या रकान्यांशेजारी उजव्या शिफ्टची आणि ‘ट’, ‘ड’ च्या कळांची रुंदी मिलिमीटरांत मागणारा आणखी एक रकाना खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आवर्जून घालावा.