बिल तपासणारे सरकारी डोळे

कोविडच्या पहिल्या लाटेत, २१ मे २०२० रोजी, महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पीपीई किट, महागडी औषधे व काही चाचण्या मात्र या दरांबाहेर राहिल्या आणि बिले फुगली ती बहुतेक तिथेच! महापालिकांनी लेखापरीक्षक नेमले. जादा आकारलेली रक्कम अनेक कुटुंबांना परत मिळाली. दर ठरवण्याइतकेच बिल तपासणेही गरजेचे, हे तेव्हा दिसले. २०२१च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दाखल होतानाच दरपत्रक पाहा, तपशीलवार बिल मागून घ्या.