डिझाइनचे नियम फिरत्या चकतीवर: 'ह्यूमनस्केल' म्हणजे काय?

मिक्सरचं बटण केवढं हवं? खुर्ची किती उंच हवी? फोन एका हातात मावेल का? ही मापं ठरवणं हे इंडस्ट्रिअल डिझायनरचं काम. पण माणसाच्या शरीराचे आकडे त्याला मिळतात कुठून?

अमेरिकन डिझायनर हेन्री ड्रेफस यांनी १९६० मध्ये 'द मेजर ऑफ मॅन' प्रसिद्ध केलं. त्यात माणसाच्या आकृत्यांवर मापं दिली होती. माहिती भरपूर, पण आकड्यांची गर्दी! हवा तो आकडा पटकन सापडला नाही, की माणूस अंदाजाने काम उरकतो. मग नियम असूनही उपयोग शून्य.

मग काय बदललं?

१९७४ मध्ये ड्रेफस यांच्याच कंपनीतल्या नील्स डिफ्रियंट आणि सहकाऱ्यांनी 'ह्यूमनस्केल' आणलं. हे म्हणजे प्लास्टिकचं एक कार्ड आणि त्यात फिरणारी चकती. चकती फिरवून उंच किंवा बुटकी व्यक्ती निवडली, की कार्डावरच्या छोट्या खिडक्यांत तिची मापं दिसायची. पहिल्याच संचात वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींच्या गरजाही होत्या. त्यामुळे व्हीलचेअर वापरणाऱ्याचा विचार करायला वेगळं पुस्तक शोधावं लागत नव्हतं.

पण मापं कोणाची?

ह्यूमनस्केलमधली मापं मुख्यतः अमेरिकन लोकांची. ती जशीच्या तशी आपल्याकडे वापरली, तर खुर्चीवर बसल्यावर पाय लोंबकळू शकतात. म्हणून अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक प्रसिद्ध केलं.

थोडक्यात, नियम उपयोगी ठरायला दोन गोष्टी लागतात: तो काम करताना हाताशी हवा आणि ज्यांच्यासाठी वस्तू बनतेय, त्यांच्या मापाचा हवा.

तुमच्या फोनवर करून बघा

हीच युक्ती आता ॲप बनवणाऱ्यांसाठीही आहे. अँड्रॉइडच्या नियमानुसार स्क्रीनवरचं बटण किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर हवं. हे पाठ करायची गरज नाही. गुगलचं 'ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर' हे मोफत ॲप टाका आणि कुठलंही ॲप तपासा. फार लहान बटणं आणि फिकट अक्षरं ते लगेच दाखवतं. चष्मा लावणाऱ्या आजीला तुमचं आवडतं ॲप वापरायला अवघड का जातं, याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.