जीपमधील चार्जिंगचा पॉइंट

हरसूलच्या स्टँडवर उभ्या असलेल्या कोणत्याही जीपमध्ये डोकावून पाहावे. चालकाच्या डाव्या हाताला एक गोल भोक दिसते आणि त्यातून दोन-चार वायरी लोंबत असतात. त्र्यंबकेश्वर, पेठ, जव्हार, कोणीकडेही जाणारा प्रवासी बसावयास जागा मिळण्याआधी मोबाईल पुढे करतो, “दादा, एवढा लावून द्या.” पावसाळ्यात पाड्यांवरची वीज दोन-दोन दिवस येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्याच मोबाईलवर यायचा असतो, द्राक्षाच्या छाटणीला गेलेल्या माणसांचा फोनही त्यावरच यायचा असतो. तेव्हा या भोकाला आमच्या भागात मोठीच किंमत आहे. माझे वडील जीप चालवितात. रोज पुढच्या बाकावर बसून कॉलेजला येताना या वस्तूकडे माझे लक्ष गेले, आणि बॅटरीवाल्या काकांना प्रश्न विचारून व दहावीचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा काढून जे कळले ते येथे लिहीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, म्हणून सूत्रे थोडीच येतील.

पहिली गोष्ट म्हणजे ही जागा मुळात विजेचे सॉकेट म्हणून जन्माला आलेलीच नाही. ती सिगारेट पेटविण्यासाठी होती. तिच्यात एक दांडीवजा लायटर असे. तो आत दाबला की त्याचे वेटोळे लाल होई, आणि तापल्यावर आतील दोन धातूंची पट्टी वाकून त्याला सोडून देई. लायटर टपकन बाहेर येई. सार्वजनिक वाहनात धूम्रपानास बंदी आहे. लायटर गेला, भोक मात्र राहिले! नव्या गाड्यांत दिसायला तसेच, पण ती पट्टी नसलेले सॉकेट येते. त्यावर १२ व्होल्ट, १२० वॅट असे छापलेले असते. अशा सॉकेटात जुना लायटर खुपसला, तर त्याला सोडणारे कोणी नसते आणि तो तापतच राहतो.

भोकाच्या तळाशी मधोमध धन टोक असते व भोवतीची धातूची नळी ही ऋण बाजू. घरच्या सॉकेटात पितळी पिना घट्ट पकडल्या जातात. येथे मात्र पिनेला दोन बाजूंच्या पत्र्याच्या स्प्रिंगा धरून ठेवतात, आणि टोकाची स्प्रिंग तिला सतत बाहेर ढकलत असते. म्हणजे धरणारे आणि ढकलणारे दोन्ही एकाच पिनेवर. वाघेऱ्याच्या घाटात गाडी हादरली की पिन हळूहळू मागे सरकते, मोबाईल चार्ज होतो आणि थांबतो. प्रवासी पुन्हा दाबतो. आपण याला “पॉइंट ढिला झाला” म्हणतो व सोडून देतो. खरा धोका तेथेच आहे.

ढिल्या जोडात विजेला अडथळा होतो. हा अडथळा एका ओहमचा दहावा भाग एवढाच आहे असे धरू. मोबाईलसाठी दोन अँपिअर वीज जात असेल तर त्या जागी निर्माण होणारी उष्णता अर्ध्या वॅटहूनही कमी. काही बिघडत नाही. पण त्याच पॉइंटवर चाकात हवा भरण्याचा पंप लावला व दहा अँपिअर जाऊ लागले, तर उष्णता पाचपट नव्हे, पंचवीसपट होते, कारण ती धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते. दहा वॅट होतात. बोटाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या कवचात दहा वॅट म्हणजे लहानशी सोल्डरिंगची इस्त्रीच समजा. आमच्या स्टँडवरच्या एका पिकअपमधील पिन अशीच मऊ पडून सॉकेटला चिकटली होती. ती काढताना तिचे टोक आतच राहिले.

आता कोणी म्हणेल, फ्यूज आहे ना? हा प्रश्न मीही काकांना विचारला होता. त्यांचे उत्तर मला फार पटले. फ्यूज फक्त धारा मोजतो, उष्णता कोठे होते ते त्याला कळत नाही. पंधरा अँपिअरचा फ्यूज दहा अँपिअरला स्वस्थ बसणार, मग सॉकेट वितळो की काही होवो. म्हणून ढिल्या जोडावर फ्यूज हा उपाय नव्हे. दहा मिनिटांनी पिनेला बोट लावून पाहणे हाच उपाय. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर पिन काढावी आणि सॉकेटच बदलून घ्यावे.

फ्यूजचे काम वेगळे आहे. तो वायरीचा राखणदार आहे. पाठ्यपुस्तकात त्याला वितळतार म्हणतात. स्टँडवर हा शब्द कोणाला समजणार नाही, पण मला तो इंग्रजी शब्दापेक्षा आवडतो, कारण स्वतः वितळून बाकीच्यांना वाचविणे हे त्याचे काम त्यातच सांगितले आहे. गाडीच्या पात्यासारख्या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात : लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. लाल उडाला म्हणून हिरवा बसविणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तेथे तारेचा तुकडा अडकविणे, हे सर्रास चालते. गाडी तेवढ्यापुरती चालू होते हे खरे. परंतु गाडीच्या बॅटरीची दोन टोके एकमेकांस भिडली तर शेकडो अँपिअर वाहतात. फ्यूज नसेल तर सर्वांत बारीक वायर फ्यूजचे काम करते, आणि ती नेमकी बाकाखालून, रेक्झिनला लागून गेलेली असते.

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, यामुळे सगळे निर्धास्त असतात. शॉक बसत नाही, पण आग लागते. बॅटरीवर पाना पडला तर तो लालबुंद होतो. हातात अंगठी असेल तर बोट भाजते. म्हणून काम करताना आधी ऋण वायर सोडावी. गाडीचा सांगाडा ऋणाला जोडलेला असतो. धन वायर आधी सोडू लागलो व पाना सांगाड्याला लागला, की झाला शॉर्ट. ऋण आधी सुटली असेल तर पाना कोठेही लागो, काही होत नाही. जोडताना याच्या उलट.

नवा पॉइंट बसवायचा असेल तर वायर किती जाड घ्यावी? घरातील अंदाज येथे चालत नाही. समजा बॅटरीपासून मागच्या बाकापर्यंत पाच मीटर अंतर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर दहा अँपिअरला वाटेतच सुमारे पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये तेवढे गेले तर पत्ताही लागत नाही. बारातून गेले तर पंप कण्हू लागतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच नुकसान पाऊण व्होल्टच्या आत राहते. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरावर हवा. सॉकेटपाशी बसविलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवू शकत नाही.

सॉकेटाचेही प्रकार आहेत. मोबाईलपुरतेच काम असेल तर झाकणाचे यूएसबी सॉकेट पुरते. झाकण हवेच, रुपयाचे नाणे लायटरच्या भोकात पडले तर ते मधले टोक व नळी यांना जोडू शकते. त्याहून बारीक, बारा मिलिमीटरच्या भोकाचे सॉकेट काही मोटारसायकलींवर व ट्रॅक्टरवर असते. त्यात पिन खट्‌कन बसते व हादऱ्याने सुटत नाही. मोठ्या कामाला पन्नास अँपिअरचे चपटे, एकमेकांत अडकणारे अँडरसन जातीचे जोड मिळतात.

एक प्रकार मात्र आमच्याकडे फार दिसतो व तो बंद व्हावा असे मला वाटते. घरच्या भिंतीवर असते तेच दोन पिनांचे सॉकेट गाडीत किंवा सोलरच्या बॅटरीला लावतात, कारण ते दुकानात लगेच मिळते. त्यात धन-ऋण उलटे लागण्याची भीती तर आहेच. पण त्याच पिनेचा बारा व्होल्टचा दिवा उद्या घरातील मुलाने भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातला तर? पिन बसते, म्हणून मुलाला ती बरोबरच वाटणार. एसटी व ट्रक यांच्यात चोवीस व्होल्ट असतात, तेव्हा त्यांत वापरायच्या चार्जरवरही १२–२४ असे लिहिलेले पाहून घ्यावे.

राहता राहिली उभ्या गाडीची गोष्ट. तीन मोबाईल मिळून तीन अँपिअर धरले, तर रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत चोवीस अँपिअर-तास जातात. पंचाहत्तर अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीला ते सोसते. जुन्या बॅटरीत मुळात निम्माच जीव उरलेला असतो. डिझेल इंजिनाच्या स्टार्टरला क्षणभर दोन-अडीचशे अँपिअर लागतात, ते कोठून येणार? मागच्या पावसाळ्यात वीज नव्हती म्हणून शेजाऱ्यांचे मोबाईल आमच्या जीपला रात्रभर लावले होते. पहाटे एका बाईला बाळंतपणासाठी न्यायला माणसे आली आणि स्टार्टर नुसता टकटक करू लागला. आठ जणांनी जीप उतारापर्यंत ढकलली, तेव्हा ती दुसऱ्या गिअरमध्ये सुरू झाली. आता वडिलांनी पॉइंटची वायर चावीवर घेतली आहे. चावी काढली की पॉइंट बंद. शेजारी थोडे नाराज आहेत. त्यांच्यासाठी जुनी, गाडीतून काढलेली बॅटरी पडवीत ठेवली आहे, तिला वेगळा फ्यूज व यूएसबीचे सॉकेट लावले आहे, आणि ऊन पडले की ती सोलरवर चढते.